उन्हाकडे पाठ

पांढरी चादर अंगणात वाळत घालायची नाही, हा त्या घरातला पहिला नियम मला तिथे राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळला. चादर नवी कोरी होती, फोंड्याहून निघताना आईने दिलेली. मी ती झटकून दोरीवर टाकली आणि वळले, तोच मागून आवाज आला, "डॉक्टरीणबाय, ती चादर मागल्या दारात घाल."

"कित्याक आबा? हय ऊन बरां पडता."

"पडता म्हणानच सांगतंय."

मी डॉक्टर नव्हते. पेडण्याच्या सरकारी आरोग्य केंद्रात डोळे तपासायची माझी नोकरी होती. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू पिकला की नाही ते पाहायचं, थेंब घालायचे आणि ज्याला शस्त्रक्रिया हवी त्याला चिठ्ठी देऊन मोठ्या इस्पितळात धाडायचं, एवढंच माझं काम. हे मी आबांना तीनदा समजावून सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी शांतपणे मान डोलावली आणि चौथ्यांदा "डॉक्टरीणबाय" अशीच हाक मारली. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तेवीस वर्षांची, नुकती शिकून आलेली मुलगी मी; जगातल्या सगळ्या डोळ्यांचं सगळं आपल्याला कळतं अशा ऐटीत होते. चादर मी मुकाट्याने उचलली, पण म्हातारा चक्रम आहे हे मनात पक्कं केलं.

आबा म्हणजे माझे घरमालक. सगळा वाडा त्यांना आबाच म्हणायचा. साठीच्या आतबाहेरचे, सुपारीच्या झाडासारखे उंच आणि सडपातळ. खाडीकाठी त्यांचं वडिलोपार्जित मिठागर होतं, आणि पौषापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत ते, त्यांची बायको आणि धाकटी लेक अशी तिघं त्यात राबायची. थोरला मुलगा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, महिन्यातून एकदा यायचा.

मी खोली बघायला गेले त्या दिवशी खोलीआधी त्यांचे डोळे पाहिले. सवयच ती. डावा डोळा गेल्यातच जमा होता. नाकाकडच्या कोपऱ्यातून निघालेला गुलाबी मांसाचा पातळ पदर बुबुळावर चढून मध्यापर्यंत पोचला होता, आणि त्यामागे बाहुली जवळजवळ झाकून गेली होती. उजव्या डोळ्यातही तोच पदर निघाला होता. त्याचं टोक बाहुलीपासून फार लांब नव्हतं.

पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. पेडण्यात लोक सरळ "डोळ्यात मास वाडलां" म्हणतात. उन्हातले जे किरण डोळ्याला दिसत नाहीत आणि अंगाला चटकत नाहीत, त्या अतिनील किरणांचा हा प्रताप. वाळूवर, पाण्यावर, मिठावर ते आदळतात आणि उलटे खालून वर येतात. टोपी, पदर, भुवया सगळं वरच्या उन्हासाठी असतं. खालून येणाऱ्याला अडवणारं कोणी नाही. पुढे एकदा वाचनात आलं, की बाजूने डोळ्यात शिरलेला उजेड बुबुळाच्या भिंगातून वळून नेमका नाकाकडच्या कडेला एकवटतो. म्हणून मांस तिथूनच निघतं. वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं भाजत गेलं की डोळा त्या जागी आपल्या परीने कातडी जाड करायला लागतो, आणि ते जाड झालेलं हळूहळू बुबुळावर सरकतं. दुखत फारसं नाही. म्हणूनच माणूस बेसावध राहतो.

आबांचं घर म्हणजे भर दुपारीही दिवा लावावा असं. जनेलं, म्हणजे खिडक्या होत्या, पण त्यांना बाहेरून झावळ्यांची तट्टी बांधलेली. चवथ आली की अख्खा वाडा घरांना चुना काढायचा. गणपती येणार म्हटल्यावर गरिबातला गरीबसुद्धा एक हात मारायचाच. आबांचं घर मात्र लाल माती आणि शेणाने सारवलेलं, तपकिरी. "देवाक पांढऱ्याचां काय पडलां नाय," ते म्हणायचे. घरात पांढरी बशी नाही, पांढरा कप नाही. स्वतः नेसायचे ते धोतरसुद्धा हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळट केलेलं. लोक हसायचे. मीही हसायची.

भाषेचं आंदोलन तेव्हा ऐन भरात होतं. मराठी की कोकणी, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. पोरं चुन्याची बाल्दी आणि नारळाच्या काथ्याचा कुंचला घेऊन रस्त्यालगतच्या भिंतींवर घोषणा लिहीत फिरायची. आबांची भिंत लांबलचक, रस्त्याला टेकलेली आणि तपकिरी. चुन्याची अक्षरं तिच्यावर काय उठून दिसली असती! मराठीवाले आले. आबांनी त्यांना हाकललं. म्हणजे म्हातारा आपला, असं समजून चार दिवसांनी कोकणीवाले आले. त्यांनाही हाकललं.

"आबा, तुमी खंयच्या बाजूचे ता तरी सांगा," त्यांच्यातला एकजण वैतागून म्हणाला.

"कोळशान बरयतास तर होयां ता बरया," आबा म्हणाले. "चुनो माझ्या घराक लावूंचो नाय."

झालं. दोन्ही बाजूंनी त्यांना दुसऱ्या बाजूचं ठरवलं. चहाच्या दुकानात त्यांच्याशी कोणी धड बोलेना. आबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या लेखी जगात भांडण एकच होतं, आणि ते कशाशी हे मला कळायला पुढे बराच वेळ लागला.

मिठागरातले आबा पाहायला मिळाले ते पहिल्याच माघात. कसली तरी सुट्टी होती म्हणून मी दुपारची तिकडे गेले. चौकोनी वाफे, त्यात वीतभरही नसलेलं पाणी, बांधांवर मिठाच्या राशी, आणि सगळीकडून असा लखलखाट की माझे डोळे आपोआप मिटले. डोळे किलकिले करून पाहते तर आबा एका बांधावर उकिडवे बसलेले, थेट सूर्याकडे तोंड करून, डोळे टक्क उघडे.

मीठ पिकतं तेव्हा पाण्यावर आधी साय धरते. दुधावर धरते तशीच, पण इतकी पातळ की उन्हाकडे पाठ करून पाहिलं तर नुसतं पाणी दिसतं. समोरून ऊन घेऊन, वाकून, पाण्याच्या अंगाने पाहिलं तरच ती दिसते. ती साय धरून जड झाली, तुटून खाली बसायला लागली, की त्या वाफ्यातलं मीठ त्याच दिवशी ओढायचं. लवकर ओढलं तर हाती काही लागत नाही. उशीर झाला तर मीठ कडू होतं. कुठला वाफा आज आणि कुठला उद्या, हे रोज दुपारी कोणीतरी उन्हाकडे बघून सांगावंच लागतं.

"माका बघूंक दियात, आबा," असं लेक लहानपणी म्हणाली असेल तर तिला काय उत्तर मिळालं असेल ते मी त्या दिवशी पाहिलं. ती आणि तिची आई, दोघी उन्हाकडे पाठ करून फळीने मीठ ओढत होत्या. पदर कपाळावरून भुवयांच्याही खाली ओढलेला. वाफ्याचं टोक आलं की न वळता उलट्या पावलांनी परत यायच्या, तोंड म्हणून सूर्याकडे करायच्या नाहीत. काम दुप्पट वेळ खायचं. शेजारच्या आगरातली माणसं हसून बघायची. मध्येच लेकीने घाम पुसायला मान वर केली मात्र, आबांनी ओंजळभर खारं पाणी तिच्या पाठीवर फेकलं.

"चेडवा, मान खाल!"

वीस वर्षांच्या मुलीला चारचौघांत असं वागवणं मला अजिबात रुचलं नाही. मला वाटलं, बघायचा मान एकट्याने मिरवायचा आहे म्हाताऱ्याला. तसं मी त्या संध्याकाळी त्यांना बोलूनही दाखवलं. ते पडवीत आडवे झाले होते, दोन्ही मिटल्या डोळ्यांवर शहाळ्याची कोवळी मलई ठेवून. हंगामात रोज संध्याकाळी हा उपचार चालायचा. दिवसभराच्या उन्हाने बुबुळाची वरची साल भाजली की डोळ्यांत मूठभर वाळू घातल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही.

"आबा, हा डोळाही जाणार तुमचा," मी म्हटलं. "एक लहानशी शस्त्रक्रिया. मांस काढून टाकतात. मी चिठ्ठी देते."

"मगे आगरात कधी वचूंक गावतलां?"

"हा हंगाम तरी नाही."

"मगे नको."

बस. विषय संपला. मी पुन्हा पुन्हा उकरून काढायची, ते पुन्हा पुन्हा "मगे नको" म्हणायचे. मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या दुकानातून मी त्यांच्यासाठी काळा चष्मा आणला. त्यांनी तो एक दिवस इमानेइतबारे लावला आणि परत दिला. "साय दिसना नाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो चष्मा मागल्या दारच्या भाजीत बुजगावण्याच्या तोंडावर होता. मी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. हट्टी, अडाणी, घरच्यांवर हुकूम गाजवणारा माणूस, अशी त्यांची माझ्या मनात नोंद झाली होती, आणि मी स्वतःला माणसं ओळखणारी समजत होते.

दोन वर्षं अशी गेली. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीचा हंगाम सुरू झाला आणि वरून हुकूम आला की आपापल्या भागातल्या लोकांचे डोळे घरोघर जाऊन तपासा. मी बॅटरी, भिंग आणि नोंदवही घेऊन खाडीकाठची आगरातली घरं धरली. तिशी उलटलेलं माणूस दिसलं की मी बघायच्या आधीच लिहायला घ्यायची, इतकं ते मांस तिथे घरोघर होतं. बायांच्यातही. एका घरात तर आजी, मुलगा, सून, तिघांच्याही डोळ्यांत.

आबांचं घर मी शेवटाला ठेवलं होतं. काकींना, म्हणजे आबांच्या बायकोला, उजेडात बसवलं आणि बॅटरी मारली. डोळे निवळशंख. पांढऱ्यावर एक डाग नाही. मी बॅटरी जवळ नेली, बाजूने मारली, भिंग लावलं. चाळीस वर्षं मिठागरात राबलेल्या बाईचे डोळे माझ्या फोंड्याच्या घरात बसलेल्या आईच्या डोळ्यांपेक्षा स्वच्छ होते.

"काकी, तुम्ही आगरात जाता ना?" मी वेड्यासारखं विचारलं.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तेंच्या आवशीचे दोनय डोळे गेलेले. बापाशीचे गेले. मोट्या भावाशीचो एक. मी ह्या घरात इलंय तेवां माका पयलीच गजाल सांगल्यानी. घरातल्या एकान बघूचां. बाकीच्यांनी उनाक पाठ करूची. एका घरातले दोनच डोळे गेले तर घर रवता, म्हणाले."

"पण हे त्यांना कोणी सांगितलं? किरणांचं?"

"तेंका किरणां बिरणां काय म्हायत नाय, बाय. तेणी माणसां बघलीं. जो बघता तेचे जातत, जो बघना नाय तेचे जायत नाय. चुन्याच्या भिंतीर, पांढऱ्या कपड्यार नदर मारता म्हणान ताय बंद केल्यानी. ता खरां काय खोटां, देवाक म्हायत."

चुन्याचं आणि चादरीचं काही एवढं खरं नव्हतं. बाकी सगळं खरं होतं. जे मी तीन वर्षं वर्गात बसून शिकले ते त्या माणसाने नुसतं आपल्या घरच्यांची तोंडं बघून ओळखलं होतं, आणि ओळखून स्वतःचे डोळे पुढे केले होते. मी त्यांना दोन वर्षं व्याख्यानं देत होते. माझी मान खाली गेली. वहीत काकींच्या नावापुढे "निर्दोष" असं लिहिलं.

मग लेक समोर बसली. तिचे डोळे बघायचं काही कारणच नव्हतं, विशीतली मुलगी. तरी बॅटरी मारली. उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, पांढऱ्यावर मोहरीएवढा पिवळट उंचवटा होता आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं. डाव्यातही तसाच, जरा लहान.

मांस अजून निघालेलं नव्हतं. पण ते निघायच्या आधी बऱ्याचदा हेच दिसतं.

मी काही बोलायच्या आत तिने माझं मनगट धरलं. काकी चुलीकडे गेल्या होत्या. "ताई, आबांका सांगू नकात," ती कुजबुजली.

मग तिने जे सांगितलं ते असं. दोन हंगाम झाले, आबांना साय दिसत नव्हती. उजव्या डोळ्यातलं मांस बाहुलीच्या कडेला टेकलं होतं आणि समोरून ऊन आलं की त्यांना सगळं एकच पांढरं दिसायचं. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. ते रोज तसेच बांधावर बसायचे आणि अंदाजाने वाफा सांगायचे. मीठ कडू निघायला लागलं. तेव्हा आबा जेवायला बसले की लेक गुपचूप आगरात जायची, उन्हाकडे तोंड करून सगळे वाफे बघून यायची. दुपारी आबा बांधावर बसले की ती फळी घेऊन बरोबर त्या वाफ्याजवळ जाऊन उभी राहायची आणि पाठमोरीच विचारायची, "आबा, हो आज ओडूचो?"

"हां, तोच," आबा म्हणायचे.

"तेंका वाटता, तेणीच सांगल्यानी," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, पण त्याहून जास्त अभिमान होता. "ह्या वर्सा एकय वाफो कडू जावंक नाय. माका बरां बघूंक येता, ताई. आबांपेक्षा बरां."

मी तिला वचन दिलं नाही, पण मानही हलवली नाही असं नाही. तिने ते वचनच धरलं असणार.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना सांगितलं.

का सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुलीचे डोळे वाचावेत म्हणून, हे खरंच. पण त्याबरोबर मला जिंकायचंही होतं. दोन वर्षं "मगे नको" ऐकून घेतलं होतं. आता या माणसाला शस्त्रक्रियेला हो म्हणावंच लागेल, असा हुकमी पत्ता माझ्या हाती आला होता. मी तो टाकला. पडवीत पाववाल्या पोदेराचा ताजा पाव चहात बुडवून ते खात होते. मी म्हटलं, "आबा, तुम्हाला दिसत नाही म्हणून ती बघते. तिच्या डोळ्यांत सुरुवात झाली आहे. आता तरी ऑपरेशन करून घ्या."

पाव चहात तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "किती बघल्यान तिणां?"

"दोन हंगाम."

"ऑपरेशन केलंय तर एक हंगाम माका वचूंक गावचां नाय. मगे त्या हंगामात कोण बघतलां?"

त्यांनीच पुढे विचारलं,

"आणि मागीर माका बघूंक गावतलां?"

खोटं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसलात तर मांस पुन्हा निघतं आणि पहिल्यापेक्षा जोरात निघतं, हे मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे कशांय केला तरी तीच बघतली," आबा म्हणाले.

इतकं साधं गणित दोन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ज्या शस्त्रक्रियेसाठी त्यांच्या मागे लागले होते ती त्यांनी हट्टापायी नाकारली नव्हती. ते बांधावरून उठले की त्या जागी लेक बसणार, म्हणून ते उठत नव्हते.

"तिचां वाडतलां काय?" त्यांनी शेवटचं विचारलं.

"बघायचं थांबवलं तर बहुतेक नाही वाढणार."

त्यांनी कप खाली ठेवला आणि मागल्या दाराने निघून गेले.

दोन दिवसांनी शिगम्याची पुनव होती. पुनवेला खाडीला मोठी भरती येते, आणि आमच्याकडे ती भर दुपारी येते. प्रत्येक आगराला खाडीच्या बाजूने फळ्यांचं एक दार असतं, मानस म्हणतात त्याला. हंगामात ते गच्च बंद ठेवायचं, नाहीतर खाडीचं पाणी आत घुसून पिकलेलं मीठ विरघळवून टाकतं. मी केंद्रातून जेवायला घरी येत होते तर रस्त्यावर माणसं आगराकडे धावताना दिसली. मीही धावले.

आबांनी आपल्या मानशीच्या फळ्या एकेक करून उपसून काढल्या होत्या. खाडी आत येत होती. एकापाठोपाठ एक वाफे, दोन महिन्यांचं काम, त्या दिवशी ओढायचं राहिलेलं आणि बांधाखाली रचून ठेवलेलं, सगळं पाण्याखाली जात होतं. आवाज काहीच नव्हता, हे मला अजून आठवतं. मीठ विरघळताना आवाज होत नाही. लेक गुडघाभर पाण्यात होती. टोपली तरंगून गेली होती तरी ती ओंजळीने मीठ उपसून बांधावर टाकत होती, आणि ते बांधावरून परत पाण्यात ओघळत होतं.

"आबा, फळयो घालात! आबा!"

शेजारच्या आगरातले दोघेजण मानशीकडे धावले. आबा तिथे आडवे उभे राहिले. त्यांना ढकलून पुढे जायची कोणाची हिंमत झाली नाही. ते उन्हाकडे पाठ करून उभे होते. त्यांना असं उभं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आगर संपलां," ते म्हणाले. "घरी चल, चेडवा."

ती घरी आली नाही. पाणी बांधाच्या वर चढेपर्यंत ती तिथेच होती. संध्याकाळी आली, ओल्या कपड्यांनीच माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि विचारलं, "ताई, तुमी सांगलास?"

"नाही," मी म्हटलं.

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात भित्रं वाक्य. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि निघून गेली.

आगर पुन्हा उभं राहिलं नाही. आबांनी मानशीच्या फळ्या चुलीत घातल्या. आता बघायचं उरलं नव्हतं, तेव्हा पावसाळ्यानंतर ते माझ्या एका शब्दावर शस्त्रक्रियेला तयार झाले. मांस निघालं, पण फार उशीर झाला होता. बुबुळावर डाग राहिला. समोर माणूस आला आहे एवढं त्यांना कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. "कोण गे?" असं विचारायचे. मी "डॉक्टरीणबाय" असं उत्तर द्यायची, आणि ते हसायचे. लेक मांद्र्याला पाहुण्यांच्या खोल्या झाडायच्या कामाला लागली. वर्षभरात माझी बदली डिचोलीला झाली. आबा चार वर्षांनी गेले ते मला पंधरा दिवस उशिरा कळलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लाटंबार्शाच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं. काजूचा मोसम संपून बाया मोकळ्या झालेल्या, रांग लांब होती. एक चाळिशीची बाई समोर येऊन बसली. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाली. मी कागद पुढे ओढला, आणि ती म्हणाली, "ताई, माका वळखूंक नाय?"

ओळखलं ते आवाजावरून. तिचं सासर तिथलंच, भात आणि काजू, दोन मुलं. चष्म्याचा नंबर मी नंतर काढला. आधी बॅटरी घेतली. दोन्ही डोळे पाहिले, बाजूने पाहिले, भिंगातून पाहिले.

"किती वाडलां?" तिने विचारलं. म्हणजे इतकी वर्षं ते तिच्या मनात होतं.

"केसभरय वाडूंक नाय. तेवां होता तितक्याच आसा."

मग मीच बोलले. कधीतरी बोलायला हवंच होतं. "आबांना मीच सांगितलं होतं. तुझ्याशी खोटं बोलले."

"म्हायत आसा. तेवांच कळलेलां."

"मग मला काही बोलली नाहीस?"

"तुमी भायल्यो," ती म्हणाली. "भायल्यार राग किती दीस रवतलो? मी तो आबांवर धरलंय. ताई, चार वर्सां मी तेंच्याकडे एक शब्द बोलूंक नाय. पेज मीच देत होतंय. ते हात पुढे करीत, 'कोण गे?' म्हणान विचारीत, आणि मी गप. ताट हातात देऊन भायर येत होतंय. आये आसा काय मी, तेंका शेवटपर्यंत कळूंक नाय."

रांगेतली मागची बाई पुढे सरकली. मी तिला हाताने थांबवलं.

"परत एकदां बघा," ती म्हणाली.

मी पुन्हा डोळे पाहिले. आता त्यांत पाणी होतं, आणि पाण्यातून काही नीट दिसत नाही. पण मला बघायचं राहिलं नव्हतं.

"निवळ आसत," मी हळू म्हटलं. "दोनय डोळे निवळ आसत."

"मोट्यान सांगा. आबांका आयकूंक येवंदे."

शाळेच्या त्या वर्गात बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली, तरी मी मोठ्याने सांगितलं.